सेकंड हँड गाडी घेताय? आधी तारखा जुळवा, मग भावाचं बोला

सेकंड हँड गाडी बघायला गेलं की विकणारा जे सांगतो ते सगळीकडे सारखंच असतं. एकहाती गाडी आहे, डॉक्टरांची होती, मॅडम चालवायच्या, जास्त करून घरीच उभी असायची, एक रुपयाचं काम नाही साहेब, पेट्रोल टाका आणि चालवा. यातलं काही वेळा खरंही असतं, पण ते खरं की खोटं हे विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कधीच कळत नाही. ते कळतं गाडीवरच छापलेल्या तारखांवरून. टायरवर तारीख असते, काचांवर असते, सीट बेल्टवर असते, आरसीवर तर दोन असतात, आणि सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर असते. या सगळ्या एकमेकींशी जुळतायत का एवढं बघितलं तरी निम्मी पारख झाली आणि त्याला मेकॅनिक असायची गरज नाही. मी इथे महाराष्ट्र पासिंगची, पाच ते आठ वर्षं जुनी, साधी घरगुती गाडी धरून सांगतोय, कारण आपल्यातले बहुतेक जण तीच शोधत असतात.

गाडी बघायला जायच्या आधी

फोनवरच नंबर मागून घ्या. नंबर द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडे जाऊन पेट्रोल जाळू नका. नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, तिथे रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, इंधन कुठलं, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी, फिटनेस आणि बँकेचा बोजा आहे की नाही हे सगळं दिसतं. ई-चलान वेगळं तपासा, कारण पुण्या-मुंबईच्या गाड्यांवर सिग्नल आणि स्पीडची चलानं साचलेली असतात आणि मालकाला खरंच माहीत नसतं, ती भरायची कुणी हे आधीच ठरलेलं बरं. चोरीची गाडी नाही ना हे बघायला एनसीआरबीच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या साईटवर गाडीची एनओसी काढता येते, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात.

आता आरसीवरच्या दोन तारखा. एक गाडी बनल्याचा महिना-वर्ष आणि दुसरी पासिंगची, म्हणजे आरटीओत रजिस्टर झाल्याची. बनली डिसेंबर २०१८ ला आणि पासिंग मार्च २०१९ चं, अशा गाड्या भरपूर आहेत आणि विकणारा अर्थातच "२०१९ ची आहे" म्हणणार. बाजारात पुढे विकताना तुम्हाला मात्र समोरचा २०१८ चाच भाव देणार, मग घेतानाही तुम्ही २०१८ चाच धरा. पण १५ वर्षांची मुदत मोजताना पासिंगची तारीख धरतात, म्हणजे २०१२ चं पासिंग असेल तर २०२७ ला फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करावी लागेल, त्याची ५००० रुपये सरकारी फी आणि वर पर्यावरण कर. हा खर्च आधीच भावातून वजा झाला पाहिजे.

मालक कितवा हे महत्त्वाचं आहे पण लोक समजतात तेवढं नाही. दुसऱ्या मालकाने सगळी बिलं जपून ठेवलेली गाडी, पहिल्या मालकाने रगडलेल्या गाडीपेक्षा कधीही चांगली. मात्र सहा वर्षांत चार मालक असतील तर त्या गाडीला काहीतरी असं दुखणं आहे जे प्रत्येकाला काही महिन्यांनी कळतं आणि तो पुढच्याच्या गळ्यात मारतो, तिकडे जाऊच नका. तसंच आधी टी परमिट, म्हणजे टॅक्सीचं परमिट होतं आणि नंतर प्रायव्हेट करून घेतली असली प्रकरणं असतात. गोव्याच्या भाड्याच्या गाड्या आणि अ‍ॅपवर चाललेल्या टॅक्स्या अशा फिरून बाजारात येतात. नंबर प्लेटच्या भोकांच्या आजूबाजूला, बोनेटच्या आत, दरवाजांच्या कडेला दुसऱ्या रंगाचा अंश दिसतो का बघा. मागच्या सीटचा फोम पुढच्यापेक्षा जास्त बसलेला असेल तर ती घरगुती गाडी नव्हती, घरच्या गाडीत मागे रोज कोण बसतंय.

बाहेरच्या राज्यातल्या गाड्या, विशेषतः दिल्लीच्या, इतक्या स्वस्त का दिसतात हा प्रश्न नेहमी येतो. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाचे निर्बंध आले तेव्हापासून जुन्या डिझेल गाड्यांना तिथे भाव राहिला नाही आणि त्या बाहेर जायला लागल्या. गाडी वाईट असेलच असं नाही, पण महाराष्ट्रात आणून १२ महिन्यांच्या वर वापरायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. नवीन गाडीला १० लाखांपर्यंत पेट्रोलचा ११ आणि डिझेलचा १३ टक्के दर आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी आकडा छोटा नसतो. वर तिकडची एनओसी, आरटीओच्या चकरा आणि एजंट. हे सगळं मिळवून बेरीज केली की स्वस्ताई बरीचशी उडून जाते.

पत्रा

सकाळी जा, उन्हात बघा. पावसात, रात्री किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी बघायची नाही, ओला पत्रा सगळं लपवतो. आणि "गाडी धुऊन ठेवू नका, चालू करून ठेवू नका" असं फोनवर सांगून ठेवा. पोचल्या पोचल्या आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर कुणीतरी तुमच्या आधी तासभर ती चालू करून ठेवलीय, आणि थंड इंजिन जे बोललं असतं ते तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. कारण विचारा, उत्तर पटलं नाही तर उद्या सकाळी परत येतो म्हणा.

पहिल्यांदा काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, काही नंबर आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि गाडी बनली त्याच्या आसपासच्या असायला हव्यात. पुढची काच बदललेली असेल तर फारसं काही नाही, हायवेला खडी उडून फुटते. पण डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजाची काच वेगळी निघाली तर त्या बाजूला काहीतरी आदळलंय, मग तो दरवाजा आणि त्याच्या मागचा पिलर, म्हणजे छप्पर तोलणारा उभा खांब, नीट बघायचा. नंतर सीट बेल्ट. बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी खाली टोकाला कापडी लेबल असतं त्यावर बनवल्याची तारीख असते.

मागच्या वर्षी मित्रासोबत सातारा रोडला एक गाडी बघायला गेलो होतो. २०१७ चं मॉडेल, लाल रंग, नुसती चकाचक. किलोमीटर कमी, पेंट एकसारखा, इंटिरियर मस्त, मित्र तर टोकन द्यायलाच निघाला होता. पुढचे दोन्ही बेल्ट ओढले तर लेबलवर २०२१, मागचे तिन्ही २०१६. पुढचे दोनच बेल्ट का बदलले जातात? जोरात धडक बसली की एअरबॅग उघडतात आणि त्यासोबत पुढचे बेल्ट खेचून धरणारी यंत्रणाही एकदाच फुटते, मग ते बेल्ट बदलावेच लागतात. मग चावी फक्त ऑनला फिरवून मीटर बघितला, तर एअरबॅगचा लाल दिवा लागलाच नाही. तो लागून पाच-सहा सेकंदांनी विझला पाहिजे, अजिबातच लागत नाही म्हणजे दिव्याचं कनेक्शनच काढलंय. बेल्ट बदलले, एअरबॅग बसवल्याच नाहीत. विकणारा म्हणाला अहो वायरिंगचा किरकोळ लोचा आहे, आम्ही चहा पिऊन निघालो.

तर मुद्दा असा की नुसता पेंट बघून फसू नका. पेंट हल्ली इतका छान करतात की डोळ्याला कळत नाही. थिकनेस मीटर मिळाला तर घ्या, कंपनीचा पेंट साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, २०० च्या पुढे गेला की परत मारलाय, आणि ५००-१००० दाखवला की खाली लांबी (पुट्टी) भरलीय. मीटर नसेल तर बोटाच्या पेराने ठोकत जा, पत्रा टणटण वाजतो आणि लांबी भरलेली जागा बद्द वाजते. चुंबक घेऊन जाणारेही असतात, प्लास्टिक बंपरवर ते लावत बसू नका एवढंच.

आता दरवाजे, बोनेट, डिकी एकेक करून उघडा. बोनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा, पाना लागलेला असेल तर बोल्टच्या कडेचा रंग उडालेला असतो. दरवाजाच्या आतल्या कडेने कंपनीचं पेस्टिंग असतं, म्हणजे सीलंटची पट्टी, ती एकसारखी असते आणि नखाने दाबली तर घट्ट लागते, बाहेर मारलेलं पेस्टिंग वेडंवाकडं आणि मऊ. दरवाजाचं रबर खाली ओढून पिलरवरचे गोल ठसे बघा, बाजारात त्याला पंचिंग म्हणतात, कंपनीचं पंचिंग सारख्या अंतरावर असतं. ते गायब असेल, किंवा तिथे वेल्डिंगचा ओबडधोबड थर असेल, तर पिलर कापून जोडलाय. बोनेट उघडल्यावर हेडलाईटच्या मागे दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांवरचा आतला पत्रा) आणि खालचे लेग (सांगाड्याचे पुढचे दांडे) डाव्या-उजव्या बाजूला सारखे दिसतात का ते बघा. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा आणि खालचा पत्रा बघा, मागून ठोकलेली गाडी तिथे हमखास सापडते, आणि गंजही तिथेच बसलेला असतो.

माझं मत विचाराल तर बंपर, फेंडर, एखादा दरवाजा रंगवलेला असेल तर त्यावरून गाडी सोडू नका. आपल्या रस्त्यांवर सात वर्षांत एकही ओरखडा न पडलेली गाडी म्हणजे एकतर ती चाललीच नाही किंवा नुकतीच रंगवली आहे. पण पिलर, टप (छप्पर), एप्रन, लेग यातलं काहीही कापलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, नको. तिथे भाव पाडून उपयोग नाही, पुढच्या धडकेत तुमची माणसं त्याच पत्र्यात बसलेली असणार आहेत.

पुराचं पाणी

२०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा बुडालेल्या गाड्यांपैकी सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. मुंबईत तर दर पावसाळ्यात सखल भागात गाड्या बुडतात. त्या साफ होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात, म्हणून फक्त एमएच ०८, ०९, १० च्या नंबरवर संशय घेऊन भागणार नाही. कार्पेट उचलून खाली हात घाला, सीटच्या खालच्या रेल आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का बघा, कारण सीट कव्हर नवीन टाकतात पण रेल कुणी बदलत नाही. पूर्ण ओढलेल्या बेल्टवर मातकट रेघ, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, हेडलाईटमध्ये आतून वाफ, आणि काचा बंद करून एसी लावल्यावर येणारा कुबट वास. वास मारायला भरमसाट परफ्यूम टाकलेला असतो, तोही एक पुरावाच समजा. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेली गाडी आज चालते, पण वायरिंग वर्ष-सहा महिन्यांनी एकेक करून दगा द्यायला लागतं आणि ते कुठलाही इलेक्ट्रिशियन पूर्ण बरं करू शकत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या आणि गोव्याच्या गाड्यांना पूर लागला नसला तरी खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लेला असतो, ती गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय घ्यायचीच नाही.

इंजिन आणि ट्रायल

थंड इंजिन स्वतः चालू करा आणि मित्राला सायलेन्सरच्या मागे उभं करा. थंडीत थोडी पांढरी वाफ येणं वेगळं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर डिझेलला जोरात रेस दिल्यावर थोडा येतो, पण सतत येत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट जातं. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि वर कूलंट कमी होतोय म्हणजे हेड गॅस्केट, मोठा खर्च.

मग आपला गॅरेजवाला बघतो ते बॅक कॉम्प्रेशन. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडीशी हवा लागली तर चालतं, पण झाकण नाचायला लागलं किंवा तिथून फकफक धूर यायला लागला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन काम मागतंय. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय. आणि इंजिन बे जर डिझेलने धुऊन, वर पॉलिश मारून शोरूमसारखा चकचकीत केलेला असेल तर मला तरी आवडत नाही, धुळीने भरलेलं इंजिन परवडलं, निदान गळती कुठे आहे ते दिसतं.

ट्रायल गल्लीतल्या गल्लीत नको. निदान पाऊण तास, त्यात खराब रस्ता, चढ आणि थोडा हायवे हवाच. म्युझिक बंद, विकणाऱ्याच्या गप्पाही बंद, काचा आधी उघड्या आणि मग बंद. खराब रस्त्यावर पुढून खडखड आली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड, बुश, लोअर आर्म यातलं काहीतरी, हे काही हजारांत होतं. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू गोल मारा, कटकट आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. मोकळ्या सरळ रस्त्यावर हात हलका सोडून गाडी एका बाजूला ओढते का बघा. ब्रेक मारल्यावर पेडल थरथरतं का बघा. क्लच तपासायला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबा, इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी वेग घेत नाहीये म्हणजे क्लच प्लेट संपली. एएमटी (क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी) असेल तर ट्रॅफिकमध्ये रांगत चालवून बघा, झटके देते का, गिअर अडकतो का. बीएस६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, फक्त शहरात दोन-दोन किलोमीटर चाललेली असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक झालेला असू शकतो, आणि तुमचंही रोजचं चालणं तेवढंच असेल तर मुळात डिझेल घेऊच नका.

सीएनजी असेल तर किट आरसीवर चढलंय का ते आधी बघा, नसेल तर इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी हात वर करेल. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची प्लेट आणि सर्टिफिकेट मागा.

हे सगळं करूनही, शेवटी ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर गाडी चढवून आणि स्कॅनर लावून घ्या. त्याला हजार-दीड हजार द्या. मेकॅनिक तुमचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको, हे सांगायला लागू नये पण लागतं.

किलोमीटर खरे आहेत का

मीटर मागे घेणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा खेळ आहे, डिजिटल मीटरमध्ये तर अजूनच सोपा. म्हणून मीटरवरचा आकडा हा विकणाऱ्याचा दावा समजायचा आणि पुरावे दुसरीकडे शोधायचे. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. २०१८ ची गाडी, मीटरवर २८,००० किलोमीटर आणि टायर २०२२ चे? टायर साधारण ४०-५० हजार चालतात, मग २८ हजारांत बदलायची वेळ का आली? कदाचित गाडी खूप उभी राहिली आणि टायर कडक झाले, असंही असू शकतं. मग ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलीय का, गिअर नॉबवरचे आकडे पुसलेत का. हे सगळं मिळून एकच गोष्ट सांगायला पाहिजे.

पक्का पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड. मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्या मोबाईलवर कंपनीचं अ‍ॅप उघडून सगळ्या सर्व्हिसच्या तारखा आणि किलोमीटर बघा. आकडा चढत चढत जायला हवा. चौथ्या सर्व्हिसला ६१,००० आणि आज ४४,००० असेल तर पुढे काही बोलायचं कारणच नाही. आणि रेकॉर्ड तीन वर्षांपूर्वी एकदम थांबला असेल तर त्यानंतरची बाहेरच्या गॅरेजची बिलं मागा. जुन्या इन्शुरन्स पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, २०, २५, ३५, ४५ असं चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि क्लेम घेतला की सहसा शून्यावर येतो. एखाद्या वर्षी तो अचानक शून्य दिसला तर त्याच्या आदल्या वर्षी काय झालं ते विचारायचं, आणि तीच तारीख मग काचेवर, बेल्टवर, पेंटवर शोधायची.

आता भाव

सगळ्यात आधी, विकणाऱ्याने गाडी केवढ्याला घेतली होती हे डोक्यातून काढून टाका. "मला ऑन रोड साडेआठला पडली होती" याचा आजच्या भावाशी काही संबंध नाही. संबंध आहे तो तेच मॉडेल, तेच व्हेरियंट आज नवीन केवढ्याला मिळतंय याच्याशी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेसही गेला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या यात येतात. नवीन गाडीच इतकी उतरली म्हटल्यावर जुनीचा भावही खाली यायलाच हवा, पण बरेच विकणारे अजून जुन्याच आकड्यांवर अडून बसलेत. म्हणून शोरूमला फोन करून आजचं ऑन रोड कोटेशन घ्या आणि मोबाईलमध्ये ठेवा, बोलणी करताना त्याच्यासारखं हत्यार नाही.

माझा ढोबळ हिशोब असा की खपणाऱ्या ब्रँडची, मागणी असलेली पेट्रोल गाडी पाच-सहा वर्षांनी आजच्या नवीनच्या साधारण ५५-६० टक्क्यांना पटते. कंपनी भारतातून गेलेली असेल, मॉडेल बंद झालं असेल किंवा स्पेअर महाग असतील तर त्याच्याही बरीच खाली. इन्शुरन्सच्या आयडीव्हीवरून (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) भाव काढू नका, तो टेबलवरचा आकडा आहे आणि विमा कंपनीप्रमाणे थोडाफार वरखाली होतो, बोलणीत टेकू म्हणून वापरला तर ठीक.

मग तीन-चार ठिकाणी त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरियंटच्या, आपल्याच भागातल्या गाड्यांचे मागणीचे भाव बघा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. हे मागणीचे भाव आहेत, सौदे याच्या खाली होतात. आता समजा २०१९ ची मॅन्युअल पेट्रोल हॅचबॅक आहे, ५२ हजार चाललेली, मालक ५ लाख २५ हजार मागतोय. गाडी चांगली आहे, पत्रा साफ, इंजिन ठीक. पण टायर चारही संपलेत, २० हजार. बॅटरी चार वर्षांची, ५ हजार. क्लच वर पकडतोय, १० हजार. इन्शुरन्स पुढच्या महिन्यात संपतोय, ९ हजार. मोठी सर्व्हिस राहिलीय, ६ हजार. दुसरी चावी नाहीये, ५ हजार. झाले ५५ हजार. हा हिशोब कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवायचा, शांतपणे, "गाडी आवडलीय काका, पण मला रस्त्यावर आणायला एवढे लागणार आहेत" असं म्हणून. "शेवटचं किती" एवढंच विचारलं तर समोरचा पाच-दहा हजार सोडतो, पण बिलाचा कागद बघितला की निम्मा तरी खर्च मान्य करतो. इथे ४ लाख ५५ पासून सुरुवात करायची आणि ४ लाख ८० च्या वर जायचं नाही. एवढंच की उगाच नसलेले दोष काढू नका, जुनी माणसं आपल्या गाडीबद्दल हळवी असतात आणि एकदा बिनसलं की नाही देणार म्हणतात.

वेळेचाही भाव असतो. पाडवा आणि दसरा-दिवाळीला लोक नवीन गाड्या उचलतात, जुन्या एक्सचेंजला टाकतात, त्यामुळे सणानंतरच्या काही आठवड्यांत डीलरकडे माल भरपूर असतो. पितृपक्षात घेणारेच फिरकत नाहीत, तुम्हाला चालत असेल तर तेव्हा घासाघीस करायला मजा येते. मला तरी गाडीचा कागद महत्त्वाचा, पंधरवडा नाही.

डीलरकडून घ्यायची की थेट मालकाकडून? थेट मालकाकडे स्वस्त पडते आणि बोलता बोलता गाडीचा इतिहास कळतो. डीलर किंवा कंपन्यांची सर्टिफाइड दुकानं थोडे जास्त घेतात, त्या बदल्यात काही महिन्यांची वॉरंटी, लोन आणि कागदपत्रांची कटकट कमी. वॉरंटीत नेमकं काय येतं हे छापील कागदावर वाचा, "इंजिन-गिअरबॉक्स" म्हणजे क्लच, सस्पेन्शन, एसी बहुधा नसतातच. आणि एखादा डीलर ठरलेल्या किमतीवर वर १८ टक्के जीएसटी लागेल म्हणाला तर थांबवा त्याला. जीएसटी डीलरच्या मार्जिनवर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि दोन घरगुती माणसांमधल्या व्यवहाराला तर तो लागतच नाही.

कागद आणि पैसे

टोकन द्यायचं तर पाच-दहा हजारांच्या वर नको, तेही ऑनलाइन, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या की मेकॅनिकने बघून पसंत नाही पडली तर परत. चेसिस नंबर १७ अक्षरी असतो, तो गाडीवर कोरलेला आणि आरसीवरचा एकेक अक्षर जुळवा, इंजिन नंबर पण. बोजा असेल तर नुसतं "लोन फिटलंय" ऐकून घेऊ नका, बँकेची एनओसी आणि आरसीवरून बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात हवा. ट्रान्सफरला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, सोबत आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन. सरकारी फी काही शेकड्यांतच असते, बाकीचं जे सांगतात ते एजंटचं असतं. विकणाऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी येतो, तेव्हा आरसीला जोडलेला नंबर त्याच्याकडे चालू आहे का आधीच विचारा, नाहीतर महिनाभर लटकाल. खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

उघड्या फॉर्मवर सह्या घेऊन वर्षभर फिरवणारे लोक आहेत. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, मग गाडी प्रत्यक्षात चौथ्या माणसाकडे का असेना. म्हणून गाडी हातात देताना डिलिव्हरी नोट करायचीच, त्यावर तारीख आणि वेळ, किलोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या. त्या मिनिटानंतरचं चलान तुमचं, आधीचं त्याचं.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टी कव्हर गाडीसोबत येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आपोआप येत नाही, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना ठोकलीत तर क्लेम अडकतो. त्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीचा नसतो, त्यामुळे तेवढा फरक तुम्हाला भरावा लागेल. फास्टॅग जुन्या मालकाला बंद करायला लावा आणि स्वतःच्या नावाचा नवीन घ्या, नाहीतर तुमचा खेड शिवापूरचा टोल त्याच्या खात्यातून कापला जातो आणि रात्री त्याचा फोन येतो. दोन्ही चाव्या, स्टेपनी, जॅक, पाना आणि बिलांची फाइल गाडीतच आहे ना ते गेटच्या बाहेर पडायच्या आधी बघून घ्या.